पतंगवाल्या फ्रँकलिनला बसलेला शॉक

शाळेच्या पुस्तकातला बेंजामिन फ्रँकलिन आपल्याला एकाच चित्रातून माहीत असतो. भरून आलेलं आभाळ, वर पतंग, दोऱ्याला लोंबणारी किल्ली आणि खाली उभा असलेला माणूस. चित्र चुकीचं नाही, पण अपुरं आहे. विजेच्या धक्क्याचे रुग्ण रोज पाहणाऱ्या डॉक्टरच्या नजरेने पाहिलं, तर त्याच्या आयुष्यातली जास्त महत्त्वाची घटना पतंगाच्या दीड वर्ष आधीची आहे. तिच्यात पतंग नाही, पाऊस नाही. एक टर्की पक्षी आहे, दोन काचेच्या बरण्या आहेत आणि गप्पा मारणारी पाहुणेमंडळी आहेत.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टनमध्ये झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. सतरा भावंडांतला हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं झाली आणि बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. भावाशी पटेना, म्हणून १७२३ साली सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला गेला आणि पुढच्याच वर्षी लंडनला.

लंडनच्या छापखान्यातला एक अनुभव त्याने म्हातारपणी लिहून ठेवला आहे. थंडीत गारठलेले शिशाचे खिळे जुळवायला त्रास होतो, म्हणून काही कामगार खिळ्यांचा खण शेकोटीसमोर गरम करून घेत. फ्रँकलिनही तसं करू लागला. तेव्हा एका वयस्क कामगाराने त्याला हटकलं आणि या सवयीने हात जवळजवळ निकामी झालेल्यांची उदाहरणं दिली. फ्रँकलिनच्या हाताच्या हाडांतही तोवर ठणका लागू लागला होता. त्याने ती सवय सोडली. शिशाची विषबाधा म्हणजे काय हे त्या छापखान्यात कुणाला धड माहीत नव्हतं, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपल्या कामातला धोका ठाऊक होता. आजही बांधकामावर नव्या पोराला धोका सांगतो तो बहुतेक वेळा जुना मिस्त्रीच. प्रश्न एवढाच, की तो सांगतो का आणि पोरगा ऐकतो का.

फिलाडेल्फियाला परतल्यावर फ्रँकलिनचं नशीब उघडलं. स्वतःचा छापखाना, वर्तमानपत्र, १७३२ पासून दरवर्षी निघणारं आणि हातोहात खपणारं पंचांग. त्या पैशाबरोबर त्याने सार्वजनिक कामंही अंगावर घेतली. १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारं ग्रंथालय, १७३६ मध्ये स्वयंसेवकांचं अग्निशमन पथक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीने गेला. त्याला देवी टोचलेली नव्हती. टोचल्यामुळेच मूल दगावलं अशी अफवा गावात उठली, तेव्हा पुत्रशोकातल्या या बापाने स्वतःच्या वर्तमानपत्रात खुलासा छापला की मुलाला टोचलं नव्हतं, आणि टोचणं सुरक्षित आहे असं आपलं मत आहे. मूल टोचून न घेतल्याची खंत त्याला शेवटपर्यंत होती. पुढे १७५१ मध्ये डॉ. थॉमस बाँड यांच्याबरोबर त्याने गरिबांसाठी रुग्णालय उभारलं. निम्मे पैसे लोकांनी जमवले तर निम्मे सरकार देईल, अशी अट विधिमंडळाकडून त्याने मंजूर करून घेतली. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल आजही चालू आहे. सरकारी रुग्णालयात नोकरी केलेल्या कुणालाही त्या अटीमागची हुशारी कळेल.

विजेचा नाद त्याला चाळिशीच्या आसपास लागला. लंडनच्या पीटर कॉलिन्सन या व्यापाऱ्याने ग्रंथालयाला एक काचेची नळी भेट पाठवली होती. ती लोकरीने किंवा रेशमाने घासली की ठिणग्या निघत. घरात बघ्यांची गर्दी व्हायला लागली. त्याच सुमारास युरोपात लेडन जार निघाली होती. ही म्हणजे आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी. तिच्यात वीज साठवता येई. एक हात बाहेरच्या पत्र्याला आणि दुसरा वरच्या तारेला लागला, की साठवलेली सगळी वीज माणसाच्या अंगातून एका झटक्यात जाई. १७४८ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी फ्रँकलिनने छापखाना भागीदाराकडे सोपवला आणि या खेळाला गंभीरपणे वाहून घेतलं. विजेला धन आणि ऋण म्हणण्याची पद्धत त्याची. बॅटरी हा शब्द विजेच्या संदर्भात पहिल्यांदा वापरला तोही त्यानेच.

आता ती टर्की. २३ डिसेंबर १७५०ची संध्याकाळ. नाताळ तोंडावर आलेला. विजेच्या झटक्याने मारलेल्या टर्कीचं मांस मऊ लागतं असं फ्रँकलिनचं मत होतं, आणि ते पाहुण्यांना दाखवायचं होतं. दोन मोठ्या बरण्या भरून ठेवल्या होत्या. साध्या चाळीस बरण्यांत मावेल एवढी वीज त्यांत होती. पाहुणे आपसात आणि त्याच्याशी बोलत होते. बोलता बोलता फ्रँकलिनने एका हातात दोन्ही बरण्यांच्या बाहेरच्या बाजूला जोडलेली साखळी धरली आणि दुसरा हात वरच्या तारांना लागला. टर्कीऐवजी सगळी वीज त्याच्या एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात गेली.

पाहुण्यांना मोठा झोत दिसला, पिस्तूल उडाल्यासारखा आवाज ऐकू आला. फ्रँकलिनला यातलं काहीच दिसलं नाही की ऐकू आलं नाही. दोन दिवसांनी भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने जे सांगितलं आहे ते एखाद्या चांगल्या केसपेपरसारखं वाचायला मिळतं. डोक्यापासून पायापर्यंत अंगाच्या आतून आणि बाहेरूनही कुणी तडाखा दिल्यासारखं झालं. मग सर्वांग जोरात थरथरू लागलं. हळूहळू शुद्ध आली. हात आणि मानेचा मागचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर होता. साखळी धरलेला हात रक्त निघून गेल्यासारखा पांढरा पडला होता आणि ठिणगी लागली तिथे छोटी गाठ उठली होती. छातीचं मधलं हाड पत्र लिहितानाही मार लागल्यासारखं दुखत होतं.

यातलं प्रत्येक लक्षण आम्ही आजही पाहतो. वीज अंगातून गेली की सगळे स्नायू एकाच वेळी जोरात आवळतात. छातीचं दुखणं बहुधा त्याचंच. बधिरपणा नसांचा. शुद्ध हरपणं मेंदूचं. मग हा माणूस वाचला कसा? हातातून हातात जाणारा मार्ग तर सर्वांत वाईट, कारण मध्ये हृदय येतं. वाचला तो मुख्यतः बरणीमुळे. बरणीतली वीज डोळ्याचं पातं लवायच्याही आत रिकामी होते. झटका कितीही मोठा असला तरी तो एकदाच बसतो. आपल्या घरातल्या बोर्डाचं तसं नाही. तिथून येणारी २३० व्होल्टची वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होत राहते आणि कुणी बंद करेपर्यंत संपत नाही. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवायला असा सतत चालणारा प्रवाह फार कमी लागतो.

किती कमी, हे विसाव्या शतकात बर्कली विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. हातात धरलेली तार आपल्या इच्छेने सोडता येईल अशी प्रवाहाची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास आणि स्त्रियांत साडेदहाच्या आसपास निघाली. त्यापुढे बोटांचे स्नायू असे आवळतात की मूठ उघडतच नाही. विजेने माणसाला धरून ठेवलं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात धरलेलं असतं त्याच्याच हाताने. ओल्या हाताच्या माणसाचा विरोध हजार ओहमच्या घरात आला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. हृदयाचे कप्पे नुसते थरथरायला लागण्यासाठी तो पुरेसा आहे. आणि बोर्डातला पाच अँपिअरचा फ्यूज? तो त्याच्या वीसपटीहून अधिक प्रवाहाची वाट पाहत बसतो. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, माणूस मरू नये म्हणून नाही.

हे सगळं ड्रिल मशीन, ग्राइंडर, मार्बल कटर हातात धरणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त लागू आहे. पंख्याचं बटण आपण एका बोटाने, क्षणभर दाबतो. ड्रिल दोन्ही हातांनी, घट्ट, अंगाचा भार देऊन धरतो, तेही घामेजल्या हातांनी आणि पुष्कळदा अनवाणी पायांनी. फरशी कापताना तर पात्यावर पाणीच सोडावं लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर बांधकामं उरकायची घाई असते आणि असे रुग्ण वाढतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्याने मरतात. आभाळातल्या विजेने मरणाऱ्यांपेक्षा ही संख्या कितीतरी पट जास्त आहे.

टर्कीच्या त्या पत्रात शेवटी एक गोष्ट आहे, ती मला सर्वांत बोलकी वाटते. फ्रँकलिनने भावाला लिहिलं की बोडॉइन या आपल्या मित्राला सावध करण्यासाठी हे जरूर कळवावं, पण याहून जास्त बोभाटा करू नये, कारण इतका ढोबळ गलथानपणा आपल्या हातून झाला याची लाज वाटते. तेव्हा तो विजेवरचा जगातला मोठा जाणकार होता. लाज इथेच आड येते. मशीनला हात लावला की मुंग्या येतात, हे कामगाराला आठ दिवस आधी माहीत असतं. तो ते कुणाला सांगत नाही. सांगितलं तर भित्रा म्हणतील, किंवा दिवसाची मजुरी जाईल. मुंग्या येणं म्हणजे धातूच्या बॉडीत वीज उतरली आहे. त्या मशीनचा प्लग त्याच क्षणी काढायचा आणि ते वायरमनकडे द्यायचं. कोरड्या दिवशी जिथे मुंग्या आल्या, तिथेच ओल्या दिवशी मूठ आवळते.

त्याच काळात त्याने कोंबड्यांवरही झटके देऊन पाहिले. त्यातली एक तलंग मेल्यासारखी पडली. तिच्या फुप्फुसांत वारंवार हवा फुंकल्यावर ती जिवंत झाली. जमिनीवर ठेवताच धावत जाऊन भिंतीवर आपटली. तपासल्यावर ती पूर्ण आंधळी झालेली दिसली. विजेने मेल्यासारख्या दिसणाऱ्या जिवाला श्वास देऊन परत आणता येतं, याची ही फार जुनी नोंद आहे. शॉक लागलेल्या माणसालाही मेला समजून सोडायचं नसतं, किंवा कुठे कुठे करतात तसं मातीत पुरूनही ठेवायचं नसतं. आधी मेन स्विच बंद करायचा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करायची, त्याआधी त्याला हात लावायचा नाही. श्वास चालत नसेल तर कडक जमिनीवर उताणं ठेवून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं. शुद्धीवर असलेल्यानेही ईसीजी काढून घ्यावा. बाहेरून बोटाएवढी जखम दिसते आणि आतला स्नायू कोपरापर्यंत भाजलेला असतो. लघवी चहासारखी लाल-तपकिरी झाली तर मूत्रपिंडं धोक्यात आहेत असं समजावं.

पतंगाकडे वळू. आभाळातली वीज आणि बरणीतली वीज एकच, हे सिद्ध करायची युक्ती फ्रँकलिनने १७५० मध्येच लिहून इंग्लंडला पाठवली होती. उंच जागी टोकदार लोखंडी कांब उभी करायची आणि तिच्यातून ठिणगी निघते का पाहायचं. फ्रान्समध्ये दालिबार यांनी १० मे १७५२ रोजी ते करून दाखवलं. तिकडची बातमी पोचण्याआधी, जूनमध्ये, फ्रँकलिनने पतंग उडवला. पतंग रेशमी रुमालाचा, दोरी तागाची, शेवटी किल्ली आणि किल्लीनंतर हातात धरायला रेशमी फीत. सोबत मोठा मुलगा विल्यम. चित्रात तो भर मैदानात दिसतो. त्याने दिलेली सूचना मात्र अशी, की पतंग धरणाऱ्याने दाराच्या किंवा छपराच्या आत उभं राहावं, म्हणजे रेशमी फीत भिजणार नाही. दोरी ओली हवी, हातातली फीत कोरडी हवी. इन्सुलेशनचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. आणि त्या पतंगावर वीज पडली नव्हती. ढगांतला थोडा भार दोरीतून उतरला, एवढंच. पडली असती तर कोरड्या रेशमानेही तो वाचला नसता. हा प्रयोग कुणीही करून पाहू नये. संक्रांतीला विजेच्या तारांजवळ पतंग उडवणाऱ्या मुलांनाही हे सांगायला हवं.

पुढच्याच वर्षी याचा पुरावा मिळाला. सेंट पीटर्सबर्गमध्ये गेओर्ग रिखमन या शास्त्रज्ञाने घरात अशीच कांब आणली होती. ती जमिनीशी जोडलेली नव्हती, कारण त्याला वीज मोजायची होती. ऑगस्ट १७५३ मधल्या वादळात तो उपकरण पाहायला वाकला, आणि कांबेतून निघालेला लोळ त्याच्या कपाळावर आदळला. कपाळावर लाल डाग होता, पायातला बूट फाटला होता. जमिनीकडे जाणारी तार नव्हती, म्हणून रिखमनच तार झाला.

फ्रँकलिनचं मोठेपण मला या तारेत दिसतं. १७५३च्या पंचांगात त्याने घर विजेपासून कसं वाचवावं हे सामान्य माणसाला कळेल असं छापलं. बारीक लोखंडी सळई घ्या, खालचं टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट जाऊ द्या, वरचं टोक घराच्या सर्वांत उंच भागाच्या सहा-आठ फूट वर ठेवा आणि त्याला टोकदार पितळी तार लावा. याचं पेटंट त्याने घेतलं नाही. ओली जमीन हा त्यातला कळीचा शब्द. आपल्याकडे इमारतीच्या कडेला कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा करतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला सांगतात, ते याचसाठी. घरातल्या वीजपुरवठ्याचं गणित थोडं वेगळं आहे, तिथे प्रवाहाला ट्रान्सफॉर्मरपर्यंत परत जायचं असतं. तरी कल्पना तीच: माणसापेक्षा सोपी वाट आधीच करून ठेवायची.

थ्री पिन प्लगमधली वरची जाड पिन ही ती वाट. ती इतर दोघींपेक्षा लांब असते, कारण आत जाताना तिने पहिल्यांदा लागावं आणि बाहेर येताना शेवटी सुटावं. धातूच्या बॉडीच्या ड्रिलमध्ये आतली फेज वायर घासून बॉडीला टेकली, तर ही पिन तो प्रवाह स्वतःकडे घेते. पिन नसेल तर बॉडी २३० व्होल्टवर शांतपणे बसून राहते आणि मशीन नेहमीसारखं चालतं. आणि आपण काय करतो? साइटवरच्या दोन पिनच्या बोर्डात बसत नाही म्हणून ती पिन कापतो. किंवा प्लगच काढून उघडी तारं सॉकेटमध्ये घालतो आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून बसवतो. हे दृश्य न पाहिलेला वाचक मला भेटायचा आहे. प्लास्टिक बॉडीच्या ज्या मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना दुहेरी इन्सुलेशन असल्याने अर्थची गरज नसते. पण त्यांच्यातही पाणी गेलं किंवा केबल सोलली, की ती खूण काही करू शकत नाही.

तुटलेली अर्थ वायर आवाज करत नाही. फ्रँकलिनच्या घरातली मात्र करायची. सप्टेंबर १७५२ मध्ये त्याने स्वतःच्या घरावर कांब बसवली आणि जिन्यापाशी ती मुद्दाम मध्येच तोडून दोन टोकांना दोन घंटा लावल्या. मध्ये रेशमी धाग्यावर पितळी गोळी टांगली. वर भारलेला ढग आला, की गोळी एका घंटेवरून दुसरीवर आपटत टणटण करायची. कधी कधी दोन घंटांमध्ये लखलखीत ठिणग्याही उडत. प्रयोग म्हणून छान, घर म्हणून भयंकर. १७५७ मध्ये साहेब लंडनला गेले आणि पाच वर्षं तिकडेच राहिले. घंटांच्या खाली बायको डेबोरा. ती घाबरायची, यात नवल काय! अखेर फ्रँकलिनने पत्रातून कळवलं की आवाजाची भीती वाटत असेल तर दोन्ही घंटा एका तारेने जोडून टाक, म्हणजे वीज गाजावाजा न करता जमिनीत जाईल. तुटलेली अर्थ वायर जोडण्याची ही बहुधा टपालाने गेलेली पहिली सूचना.

आपल्या घरांत घंटांचं काम आता आरसीसीबी करतो, आणि तो नुसता वाजत नाही, तोडतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला की नाही हे तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठूनतरी, कदाचित माणसातून, गळती आहे, की सेकंदाच्या अंशात पुरवठा बंद. डॅल्झिएल यांचीच याला मोठी मदत झाली; अमेरिकेत त्यांनी याहूनही नाजूक, पाच मिलिअँपिअरच्या आसपास तुटणारं उपकरण केलं. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी जमिनीचा विरोध इतका असतो, की नुसत्या अर्थिंगने फ्यूज उडत नाही. तिथे आरसीसीबीशिवाय इलाज नाही. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून तो तुटतो का पाहावं. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरणाऱ्याला मात्र तोही ओळखू शकत नाही.

फ्रँकलिनच्या कांबेला लोकांनी लगेच हार घातले नाहीत. युरोपात वादळ आलं की चर्चच्या घंटा वाजवून वीज पळवायची प्रथा होती. ओला दोर हातात धरून गावातल्या सर्वांत उंच मनोऱ्याखाली उभं राहायचं! १७८४ मध्ये जर्मनीत छापलेल्या एका हिशेबाप्रमाणे तेहतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारे १०३ जण मेले. १७५५ मध्ये बोस्टनला भूकंप झाला, तेव्हा एका धर्मोपदेशकाने कांबांमुळे जमिनीत वीज साठते असं सुचवलं. फ्रान्समध्ये सेंत-ओमेर गावच्या एका गृहस्थावर कांब लावल्याबद्दल खटला झाला. त्याचं वकीलपत्र घेतलं होतं तरुण रोबेस्पिएरने, आणि तो जिंकला. इंग्लंडच्या राजाने तर अमेरिकेशी युद्ध चालू असताना फ्रँकलिनच्या टोकदार कांबांऐवजी बोथट गोळ्यांच्या कांबांचा आग्रह धरला. सुरक्षेच्या साधनाचं राजकारण होतं ते असं.

वैद्यकशास्त्राला त्याने दिलेली एक प्रामाणिक नोंद सांगायलाच हवी. विजेने पक्षाघात बरा होतो अशी बातमी युरोपातून आली आणि आसपासच्या प्रांतांतले रुग्ण फ्रँकलिनच्या दारात येऊ लागले. तो लुळ्या अवयवाला दिवसातून तीनदा झटके द्यायचा. पहिले काही दिवस अंगात ऊब यायची, हात थोडा वर उचलला जायचा, रुग्ण खूश व्हायचे. पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबायची, रुग्ण कंटाळून घरी जायचे आणि पुन्हा होते तसे व्हायचे. १७५७ मध्ये डॉ. जॉन प्रिंगल यांना त्याने कळवलं की कायमचा फायदा झालेला एकही रुग्ण आपण पाहिला नाही, आणि जो तात्पुरता फायदा दिसला तो प्रवासातल्या हालचालीचा आणि बरं होण्याच्या आशेचा असू शकेल. आज विजेचे पट्टे बांधून गुडघे बरे करणाऱ्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला हे पत्र आठवतं. अशाच एका रुग्णाला झटका देण्याच्या तयारीत असताना तो स्वतः पुन्हा एकदा आडवा झाला होता. छतावरून लोंबणारा, बरण्यांना तारेने जोडलेला लोखंडी आकडा त्याच्या डोक्यापासून दोन इंचांवर होता, आणि ते त्याच्या लक्षात आलं नाही. आपण पडलो हेही त्याला उठवल्यावरच कळलं.

पुढचं राजकारण जगजाहीर आहे. १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, पॅरिसमधली वकिली, १७८३चा तह, १७८७ची राज्यघटना. पतंगाच्या वेळी सोबत असलेला विल्यम इंग्लंडच्या बाजूला गेला आणि बापलेकांत पुन्हा धड समेट झाला नाही. एके काळी घरात गुलाम बाळगणारा हा माणूस अखेरीस गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. पॅरिसला असताना १७८४ मध्ये मेस्मरच्या चुंबकी उपचारांची चौकशी करणाऱ्या समितीवर तो होता. रुग्णांचे डोळे बांधून समितीने दाखवून दिलं की परिणाम चुंबकत्वाचा नसून कल्पनेचा आहे.

उतारवयात संधिवात आणि मूतखडा या दोघांनी त्याला छळलं. १७८६ मध्ये त्याने लंडनच्या गरम खिळ्यांची ती आठवण एका मित्राला लिहून पाठवली, आणि शिशाचे दुष्परिणाम किमान साठ वर्षांपासून माहीत असूनही लोक ते मनावर घेत नाहीत, अशी तक्रारही केली.

फ्रान्सहून परतल्यावर त्याला आपल्या घरावरची कांब पाहायला मिळाली. तो परदेशी असताना घरावर वीज पडून गेली होती. कांबेचं नऊ इंच लांब, इंचाचा तिसरा हिस्सा जाड असं तांब्याचं टोक जवळजवळ सगळं वितळून गेलं होतं. घराला काही झालं नव्हतं. १७८७ मध्ये इटलीतल्या एका शास्त्रज्ञाला त्याने हे मोठ्या समाधानाने कळवलं.

१७९०च्या एप्रिलमध्ये त्याला ताप, खोकला आणि छातीत डाव्या बाजूला तीव्र वेदना सुरू झाल्या. फुप्फुसातला गळू फुटला, थोडे दिवस पू पडत राहिला, मग श्वास मंदावला. १७ एप्रिलच्या रात्री वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो गेला. अंत्ययात्रेला फिलाडेल्फियात सुमारे वीस हजार माणसं होती आणि पॅरिसमध्ये राष्ट्रीय सभेने तीन दिवसांचा दुखवटा पाळला.